काळ्यावर काळं

नागपूरच्या गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात तारामंडळाचा खेळ सुरू होतो तेव्हा दिवे मंदावतात, घुमट काळा होतो आणि क्षणभर स्वतःचा हातही दिसेनासा होतो. मग तारे येतात. मला ओढ असते ती तारे उगवण्याआधीच्या त्या क्षणाची. एकदा तसाच काळोखात बसलो असताना मनात आलं, या घुमटावर कृष्णविवर दाखवायचं झालं तर कसं दाखवतील? तारा दाखवणं सोपं, प्रकाशाचा ठिपका टाकला की झालं. पण ज्याच्यातून प्रकाशच बाहेर येत नाही अशी गोष्ट, तीही काळ्या आकाशात? काळ्या मातीच्या रानात, अमावस्येच्या रात्री, काळी म्हैस शोधायची, असं ते काम.

हाच पेच दहा-बारा वर्षांपूर्वी लंडनच्या डबल निगेटिव्ह या व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीसमोर होता. ख्रिस्तोफर नोलन ‘इंटरस्टेलर’ हा चित्रपट करत होते आणि त्यांच्या गोष्टीत गार्गांतुआ नावाचं एक प्रचंड कृष्णविवर होतं, सूर्याच्या १० कोटी पट वस्तुमानाचं. तोवरच्या बहुतेक विज्ञानपटांनी कृष्णविवर म्हणजे पाण्यातला भोवरा किंवा आकाशात आडवं धरलेलं नरसाळं असंच दाखवलं होतं. चित्रकाराला बोलवायचं, दोन-चार भीतिदायक कल्पना कागदावर उतरवून घ्यायच्या आणि त्यातली एक निवडायची, ही नेहमीची रीत. इथे ती बाजूला ठेवली गेली. चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार होते किप थॉर्न, आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणावर सारं आयुष्य घालवलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी या मंडळींना समीकरणं लिहून दिली. कृष्णविवर कसं दिसेल ते ठरवण्याचा हक्क कुणाच्याच कल्पनाशक्तीकडे राहिला नाही, तो गणिताकडे गेला. मला वाटतं, सिनेमाच्या इतिहासात जादूगारानं स्वतःहून आपली कांडी खाली ठेवल्याचे प्रसंग फार थोडे असतील. हा त्यांतला एक.

आता त्या गणितानं केलं काय ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

संगणकावर चित्र तयार करताना प्रकाशाचा प्रवास उलटा मोजतात. प्रत्यक्षात किरण दिव्यापासून निघतो, वस्तूवर आपटतो आणि डोळ्यात शिरतो. दिव्यापासून निघालेले बहुतेक किरण मात्र भलतीकडेच जातात, ते सारे मोजत बसण्यात अर्थ नाही. म्हणून संगणक कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूतून एक किरण मागे सोडायचा आणि तो कुठे जाऊन पोहोचतो ते पाहायचं. जिथे पोहोचेल तिथला रंग त्या बिंदूचा. आयमॅक्सच्या एका चित्रात असे दोन कोटींहून अधिक बिंदू असतात. बाजारात मिळणारी सगळी सॉफ्टवेअरं हा हिशेब एका गोष्टीवर विसंबून करत होती, ती म्हणजे प्रकाश सरळ रेषेत जातो. कृष्णविवराजवळ नेमकं तेच खरं नसतं. तिथे अवकाशालाच बाक आलेला असतो आणि किरण त्या बाकाबरोबर वळतो, कधी विवराला एक-दोन वेढेही घालतो. त्यामुळे ऑलिव्हर जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवं सॉफ्टवेअर मुळापासून लिहावं लागलं. त्यात त्यांनी एकेकट्या किरणाऐवजी किरणांची बारीक जुडी पाठवली, म्हणजे पार्श्वभूमीचे तारे पडद्यावर लुकलुकू नयेत.

आणि काळ्यावर काळं कसं दाखवायचं, याचं उत्तर काय निघालं? विवराभोवती तापलेल्या वायूची एक चपटी तबकडी फिरत असते, शनीच्या कड्यासारखी. उजेड तिचा. विवर म्हणजे त्या उजेडातली उणीव.

ही तबकडी डोळ्यासमोर आडवी धरलेल्या ताटासारखी आहे आणि ताटाच्या मधोमध एक काळा चेंडू आहे, अशी कल्पना करा. ताटाचा पुढचा काठ चेंडूसमोरून जाताना दिसेल. मागचा काठ चेंडूआड लपायला हवा. साध्या चेंडूआड तो लपलाच असता. पण गार्गांतुआच्या चित्रात मागचा काठ लपत नाही. तबकडीच्या मागच्या भागातून वर निघालेला प्रकाश विवराच्या माथ्यावरून वळून आपल्याकडे येतो आणि आपल्याला विवराच्या वर एक तेजाची कमान दिसते. खालून निघालेला प्रकाश खालून वळून येतो आणि तशीच एक कमान खाली दिसते. समोर उभं राहून एखाद्या वस्तूची पाठ दिसावी, तीही आरशाशिवाय! चित्रपटातलं ते सुप्रसिद्ध तेजोवलय सजावटीसाठी जोडलेलं नाही. ती त्या ताटाची मागची बाजू आहे.

हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला एकदम औंढा नागनाथ आठवलं. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना तिथून हाकलून मागच्या बाजूला घालवलं आणि ते मागे जाऊन गाऊ लागले तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आजही तिथे नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, असं दाखवतात. ती भक्तीची गोष्ट आहे, तिला भौतिकशास्त्राचा पुरावा करणं हा दोघांवरही अन्याय होईल. पण पाठ पुढे येते हे चित्र मराठी मनात आधीपासून होतं, म्हणून मला ती कमान परकी वाटली नाही. आणि औंढ्याचं नाव या लेखात पुन्हा येणार आहे, अगदी वेगळ्या कारणानं.

या चित्राचा पहिला मसुदा मात्र चित्रपटाच्या पस्तीस वर्षं आधीचा आहे. १९७९ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर ल्युमिने या तरुण शास्त्रज्ञानं आयबीएम ७०४० या पंचकार्डावर चालणाऱ्या संगणकाकडून आकडे काढून घेतले. त्या आकड्यांचं चित्र करून देणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. मग त्यांनी काळ्या शाईनं कागदावर हातानं ठिपके दिले, जिथे उजेड जास्त तिथे दाट, कमी तिथे विरळ. नंतर त्याची निगेटिव्ह केली, म्हणजे काळे ठिपके पांढरे झाले आणि कोरा कागद अवकाश झाला. रांगोळी घालतात तसं, ठिपक्याठिपक्यानं मांडलेलं कृष्णविवर! त्या चित्रातही मागची कमान आहे.

लंडनच्या मंडळींजवळ हजारो संगणक होते, तरी त्यांचंही काम ठिपक्याठिपक्यानंच चाललं. काही फ्रेम तयार व्हायला १०० तासांपर्यंत वेळ लागला. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. अशा एकेका फ्रेमसाठी चार दिवस थांबायचं. हे वाचताना मला दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि दिवसांमागून दिवस त्या अंकुराच्या एकेक फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर ते दाखवलं तेव्हा बी फुटून वेल वर चढताना लोकांना काही क्षणांत दिसली. त्या फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. फाळके त्याआधी जादूचे प्रयोगही करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं, आपलंच आडनाव उलटं वाचून. पण या फिल्ममध्ये हातचलाखी काहीच नाही. वाटाणा खरा, वाढ खरी, फक्त काळ आवळून घेतलेला. डोळ्याला जे दिसू शकत नाही, पण जे घडतं आहे, ते दाखवायचं, हे मराठी माणसानं सिनेमाकडून मागितलेलं अगदी सुरुवातीचं एक काम. म्हणून मी गार्गांतुआला त्या कुंडीतल्या वाटाण्याच्या कुळातलं मानतो.

‘इंटरस्टेलर’मधलं सगळंच संगणकावर झालेलं नाही, हेही सांगायला हवं. उलट नोलन यांना जे खरं उभं करता येईल ते खरंच उभं करायचा ध्यास आहे. नायकाच्या घराभोवतीचं मक्याचं रान खरं होतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात डोंगरांच्या पायथ्याशी चित्रीकरणासाठी ५०० एकरांवर मका पेरला गेला आणि पुढे ते पीक विकून पैसेही मिळाले. कपाशीला भाव मिळेना म्हणून हवालदिल असलेल्या आमच्या भागात हा भाग कुणाला सांगितला की तो सिनेमा विसरून आधी पिकाचाच हिशेब विचारतो! धुळीची वादळं मोठमोठ्या पंख्यांनी उडवलेल्या निरुपद्रवी भुकटीची होती. यानाच्या खिडक्यांबाहेर हिरवा पडदा लावून नंतर तारे चिकटवायचे, हा हमखास उपायही त्यांनी टाळला. खिडकीबाहेर भलामोठा पडदा उभारला आणि आधीच तयार केलेलं अवकाश त्यावर प्रोजेक्टरनं टाकलं. नट खिडकीतून पाहतो आहे ते त्याला खरंच दिसत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड गार्गांतुआचाच होता. टार्स हा चौकोनी यंत्रमानव तर सुमारे ९० किलोची धातूची बाहुली होती. बिल आयर्विन हा नट मागे उभा राहून ती चालवायचा, आवाजही त्याचाच. आपल्याकडे ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूमागे रामदास पाध्ये होते, तसंच. बाहुलीत जीव आला तो माणसाच्या मनगटातून, हे दोन्हीकडे सारखं.

तरीही एक तडजोड झालीच, आणि मला ती फार बोलकी वाटते. तबकडी प्रचंड वेगानं फिरते. तिची जी बाजू आपल्याकडे येत असते तिचा प्रकाश एकवटून उजळ आणि निळसर व्हायला हवा, आणि जी बाजू दूर जात असते ती मंद, लालसर. गणितानं तसंच चित्र दिलं होतं. पण ते एकांगी दिसत होतं, प्रेक्षक गोंधळतील असं वाटलं आणि चित्रपटात दोन्ही बाजू सारख्या उजळ ठेवल्या गेल्या. थॉर्न आणि जेम्स यांनी २०१५ मध्ये शोधनिबंधात हे सगळं मोकळेपणानं लिहिलं, कुठे गणित पाळलं आणि कुठे सोडलं ते. पुढे १० एप्रिल २०१९ ला, जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेलं कृष्णविवराचं पहिलं खरं छायाचित्र प्रसिद्ध झालं. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८७ दीर्घिकेतलं, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं ते विवर. धूसर केशरी कडं आणि मध्ये काळोख. आणि त्या कड्याची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट उजळ होती. सिनेमानं जे पुसलं होतं तेच आकाशानं जसंच्या तसं दाखवलं.

चित्रपटातला सर्वांना पाठ असलेला भाग म्हणजे तो पाण्याचा ग्रह, जिथला एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा असतो. गुरुत्वाकर्षण जितकं जबर तितकं घड्याळ मंद चालतं. हे प्रमाण सात वर्षांपर्यंत न्यायला गार्गांतुआला जवळजवळ कमाल वेगानं गरगरायला लावावं लागतं, पण निसर्गनियम त्याला आडवे येत नाहीत. आणि हा परिणाम दूरच्या ग्रहापुरता नाही. नागपुरात बर्डीवर दुकान शोधताना आपण मोबाइलचा नकाशा उघडतो, तो ज्या जीपीएस उपग्रहांवर चालतो ते सुमारे २०,००० किलोमीटर उंच फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण, म्हणून त्यांची घड्याळं पुढे पळतात. त्यांच्या वेगामुळे ती थोडी मागेही पडतात. दोन्हींची वजाबाकी केली तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. एवढीशी चूक दुरुस्त केली नाही तर दिवसभरात नकाशा सुमारे १० किलोमीटरनं चुकेल आणि बर्डीवरचा माणूस पार गावाबाहेर दिसेल. आइन्स्टाइनची दुरुस्ती खिशात घेऊन आपण रोज फिरतो.

आपल्या भाषेनं या विषयाशी फार आधी ओळख करून घेतली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारायण विनायक जगताप नावाच्या अनोळखी लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव! नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून हा खटाटोप. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा आपल्या हातानं उतरून दिली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर काम केलेला माणूस मराठीत गोष्ट लिहितो आणि ती गोष्ट तिच्या गुणावरच तोलली जावी म्हणून इतकी काळजी घेतो, यानं मला अजून भरून येतं. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही संस्था आता मला या गोष्टीच्या शेवटच्या भागाकडे, म्हणजे पुन्हा औंढा नागनाथकडे घेऊन जाते.

किप थॉर्न हे चित्रपटाचे सल्लागार झाले ते नंतर. त्याच्या कितीतरी आधी ते लायगो या प्रयोगाच्या संस्थापकांपैकी एक होते. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात तरंग उठतात, तळ्यात दगड पडल्यावर उठतात तसे. ते तरंग आपल्यापर्यंत येतात तेव्हा अवकाश किंचित ताणलं आणि आक्रसलं जातं. ते मोजायला ४ किलोमीटर लांबीचे दोन बाहू काटकोनात उभे करायचे, त्यांच्या निर्वात नळ्यांतून लेसरचे झोत सोडायचे आणि टोकाच्या आरशांवरून परत आणायचे. एक बाहू केसभर लांब झाला तर परतलेल्या झोतांचा मेळ बिघडतो. केसभर हा शब्दही इथे फार जाडा आहे. हे उपकरण प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक ओळखू शकतं. प्रत्येक आरसा ४० किलोचा, आणि तो लटकतो सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तंतूंवर, म्हणजे जमिनीची थरथर त्याच्यापर्यंत पोहोचू नये.

एवढं करूनही जे ऐकू येतं तो बव्हंशी गोंगाट असतो. दूरची गाडी, वारा, आरशातल्या अणूंची वळवळ. त्यातून खरा तरंग वेगळा कसा काढायचा? आयुकाचे संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ च्या सुमारास या प्रश्नावर पायाभूत काम केलं. दिवाळीआधीच्या बर्डीच्या गर्दीत आईनं हाक मारली तर ती आपल्याला ऐकू येते, कारण तो आवाज आपल्या कानात आधीच साठवलेला असतो. तसंच इथे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून संभाव्य तरंगांचे नमुने आधी काढून ठेवायचे आणि प्रत्येक नमुना गोंगाटावर सरकवत जुळतो का ते पाहायचं. जी समीकरणं सिनेमात चित्र झाली, तीच इथे कान झाली.

आता हिंगोली जिल्हा. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, पुसद असं करत गेलं तर दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचं केंद्र होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेच दोन बाहू, तेच ४ किलोमीटर. अमेरिकेत दोन केंद्रं आहेत, इटलीत एक, जपानमध्ये एक. एखादी हाक कुठून आली ते कळायला कान दूर दूर असावे लागतात. औंढ्याचा कान लाभला की तरंग आकाशाच्या कोणत्या भागातून आला ते कितीतरी नेमकं सांगता येईल आणि दुर्बिणी लगेच तिकडे वळवता येतील. जिथे नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतात, तिथेच अवकाशाची थरथर मोजली जाणार आहे. माणसांची आणि वाहनांची वर्दळ कमी, एवढ्यासाठीच ती जागा निवडलेली असेल. पण बातमी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ नकाशाकडे पाहत बसलो होतो.

लायगोला पहिला तरंग सापडला तो १४ सप्टेंबर २०१५ ला, सोमवारी. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली. एकत्र झालेलं विवर ६२ सूर्यांचं भरलं. उरलेले तीन सूर्य तरंग होऊन अवकाशात निघून गेले. तो तरंग पृथ्वीवर एक पंचमांश सेकंद टिकला. ध्वनीत रूपांतर केलं की तो खालच्या पट्टीतून सर्रकन वर चढणाऱ्या शिटीसारखा ऐकू येतो, एखाद्या पाखरानं एकदाच चिवचिव करून उडून जावं तसा.

अमेरिकेत तेव्हा पहाट होती. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. गणपती तीन दिवसांवर आले होते. नागपूरच्या महालातल्या चितार ओळीत त्या दिवसांत मूर्तींवर शेवटचे हात फिरत असतात. तरंगाला भिंत नाही, डोंगर नाही. तो झिरो माइलच्या दगडी घोड्यांतून गेला, गांधीसागराच्या पाण्यातून गेला, शाळा सुटण्याची वाट पाहणाऱ्या पोरांमधून गेला, ओल्या रंगाच्या सोंडांमधून आणि कुंचला धरलेल्या हातांमधून गेला, आणि प्रत्येक माणसाला प्रोटॉनच्या रुंदीच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढं ताणून, पुन्हा होतं तसं करून, पुढे निघून गेला.